टॉवेलवाली खुर्ची

चहा येऊ द्या आधी, मग सांगतो. आणि घोट जरा जपून घ्या. मागच्या खेपेला हा किस्सा ऐकताना आमच्या एका मित्राच्या नाकातून चहा आला आणि त्याच्या बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो मीच त्याच्या नाकात ओतला होता!

तर मंडळी, चुका सगळेच करतात. पण सगळं गाव बोट दाखवत असताना आपली चूक भिंतीत शोधणारा, बाकड्यांत शोधणारा आणि शेवटी रेडिओच्या मागं हात घालून शोधणारा माणूस तुम्ही कधी पाहिलाय? नसेल तर नीट पाहून घ्या. तुमच्यासमोर बसलाय.

मी घाटंजीला कापूस खरेदीच्या ऑफिसात कारकून होतो. माझी नोकरी म्हणजे एक खिडकी. आत मी, बाहेर कापसाच्या गाड्या घेऊन आलेली माणसं. पण मग दिवसच वाईट आले. कापसाचं सगळं फिसकटलं, केंद्रावरच्या गाड्या रोडावत गेल्या आणि एके दिवशी वरून हुकूम आला की ऑफिस बंद. काही जण बदली घेऊन लांबच्या जिल्ह्यात गेले. मी घरी गेलो. घर जवळच होतं.

घरी सुशीला, म्हणजे माझी बायको. तिच्या हातची तर्री तुम्ही खाल्ली नसेल तर तुमचा जन्म अर्धा फुकट गेला. हरभऱ्याचा तो लालभडक रस्सा पोह्यांवर पडला की माणूस आधी ठसकतो, मग घाम पुसतो आणि मग वाटी पुढं करतो. आलूबोंडे तर विचारूच नका. तुमच्या पुण्या-मुंबईकडं त्याला बटाटेवडा म्हणतात म्हणे. म्हणू देत.

हॉटेलाचा विषय तिनंच काढला.

"अवो, आपण हाटेल टाकू."

"हाटेल? अन् मी काय करू? कपबशा धुऊ?"

"तुमी काईबी करा. मले लोकाईले खाऊ घालाचं आहे. इतकी वर्सं तुमचा डबा भरला. डबा रिकामा होऊन वापस येत होता, पण खानाराचं तोंड कसं होते ते मले कधी दिसलंच नाई."

"मी सांगायचो ना, की चांगलं झालं होतं."

"तुमी 'ठीक होतं' म्हणत."

आणि तिनं लगेच मुदत घातली. दिवाळीपर्यंत हॉटेल चाललं तर चाललं, नाही तर ती कळंबला जाणार. कळंबला चिंतामणीच्या देवळाजवळ तिच्या धाकट्या भावाचं, बाळूचं, भोजनालय होतं. भाविकांची गर्दी सांभाळता सांभाळता तो मेटाकुटीला आला होता आणि 'ताई, तू ये अन् चूल हातात घे' म्हणून सारखा मागं लागला होता.

"अन् मी?" मी विचारलं.

"तुम्हाले कोनं बलावलं?"

हसू नका! ती हसत नव्हती.

बस स्टँडजवळ एक जागा मिळाली. पुढं खाणारे, मागं भट्टी, मध्ये एक पडदा. वाढायला दोन माणसं ठेवली. एक देवराव. हा आमच्याच केंद्रावर गाठोडी उचलायचा. त्याचा आवाज असा की अंगणाच्या या टोकाला शिंकला तर त्या टोकाचे बैल दचकत. दुसरा मधुकर. तो जीपवर उभा राहून पांढरकवड्याच्या सवाऱ्या ओरडून-ओरडून ओढायचा, म्हणजे जिभेला हाड नाही. दोघंही बाप्ये, संसारी, आणि माणसं गोळा करण्यात पटाईत. हॉटेलाला आणखी काय पाहिजे?

सुरुवातीला मी हॉटेलात नव्हतोच. परवाना, वीज, नळ यांच्यासाठी या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरत होतो. इकडं भाड्यानं आणलेल्या फळ्यांवर हॉटेल झकास चालू होतं. मी संध्याकाळी यायचो तर आलूबोंड्यांची परात पुसून घेतल्यासारखी रिकामी! सुशीला पदरानं वारा घेत हसायची.

आणि मग मला दुर्बुद्धी सुचली. ऑफिसातलं जुनं सामान लिलावात निघालं होतं. मी पाहायला गेलो आणि माझा जीव गलबलला. माझी खिडकी, तिची ती जाळी, माझं टेबल, बाहेरची लांब बाकडी, टेबलावरची घंटी. सगळी पोरकी होऊन उन्हात उभी होती. आणि त्यात साहेबांची खुर्ची! वेताची, रुंद हातांची. तिच्या पाठीवर कायम पांढरा टॉवेल असायचा. आता सरकारी ऑफिसात टॉवेलाचं महत्त्व काय ते तुम्हाला ठाऊक आहे. टॉवेल असेल तर ती साहेबाची खुर्ची, नसेल तर नुसतं बसायचं लाकूड. मी नोकरीभर लाकडावर बसलो होतो.

सगळं उचललं. घरी येऊन आधी टॉवेल धुतला.

हॉटेलात ते सामान मांडलं तेव्हा काय शोभा आली म्हणून सांगू! दाराशी जाळीची खिडकी, त्यामागं टेबल, टेबलावर घंटी, मागं खुर्ची, खुर्चीवर टॉवेल आणि टॉवेलाला टेकून मी. बाहेर पाटी रंगवून घेतली, 'प्रवासी अल्पोपाहार सेवा केंद्र'. सुशीला म्हणाली, "हे का दवाखान्याचं नाव हाय?" मी दुर्लक्ष केलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून हॉटेलाला कीड लागली.

पहिला प्रकार माझ्या डोळ्यांसमोर घडला. एक माणूस बसमधून उतरून घाईघाईनं आत आला.

"भाऊ, पोहे हायेत का गरम?"

देवराव कोपऱ्यात उभा राहून पेपरच्या घड्या घालत होता. त्यानं मान वर केली नाही. "बसा."

माणूस बसला. वाट पाहिली. पुन्हा म्हणाला, "भाऊ, माही गाडी सुटते."

"बसा म्हटलं ना. नंबर आल्यावर सांगू."

नंबर कसला? अख्ख्या हॉटेलात त्याच्याशिवाय फक्त एक मांजर होतं! माणूस उठून समोरच्या टपरीवर गेला. मांजर तेवढं बसून राहिलं.

मग दुपारची गोष्ट. ऐन जेवणाच्या वेळेला हे दोघं दार ओढून आतल्या बाकड्यावर डबा खात बसले. बाहेरून कुणी दार वाजवलं.

"अरे, जेवाचं हाय मले!"

मधुकरनं भरल्या तोंडानं उत्तर दिलं, "आता जेवनाची सुट्टी हाये. मंग या."

ऐकताय ना? हॉटेलाला जेवणाची सुट्टी! जगाच्या पाठीवर कुठं असेल तर दाखवा.

एका बाईनं आलूबोंडा गार असल्याची तक्रार केली, तर मधुकर म्हणतो, "ते माह्याकडं नाई. बोंड्याचं काम देवराव पाह्यते." ती देवरावकडे वळली आणि विचारलं, "देवराव तुमीच का?" तर देवराव म्हणाला, "देवराव जेवाले गेला." स्वतः देवराव! ढळढळीत दिवसा!

बरं, हे दोघंच बिघडले असते तर ठीक होतं. गिऱ्हाइकंही बदलली. माणसं चपला बाहेर काढून आत येऊ लागली. टोपी हातात घेऊन जाळीपुढं उभी राहू लागली आणि खालच्या आवाजात विचारू लागली, "साहेब, एक चहा भेटन का?" एक म्हातारबाबा तर बराच वेळ बाकड्यावर अंग चोरून बसले होते. शेवटी उठले, देवरावच्या कानाशी लागले आणि म्हणाले, "भाऊ, माह्याकडून तुमीबी एक चहा घ्या. पन माह्या चहाचं तेवढं लवकर करा."

आणि देवरावनं घेतला! चहाच्या हॉटेलात चहा मिळावा म्हणून चहा चारणारा माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहिला.

गावात हॉटेलाचं नाव पडलं 'ऑफिस'. "चाल बे, चहा घेऊ. टपरीवर जाचं का ऑफिसात?" "ऑफिसात नको बाप्पा, आज वेळ नाई."

तुम्ही म्हणाल, मालक काय करत होता? करत होतो ना! खुर्चीवर बसून सगळं पाहत होतो. घंटी वाजवून दोघांना समोर उभं करायचो. खुर्चीवर बसलं की माझी भाषा आपोआप शुद्ध व्हायची. "हा काय प्रकार आहे? गिऱ्हाइकाशी असं बोलतात? उद्या मला लेखी खुलासा पाहिजे!" ते मान खाली घालून "हाव जी साहेब" म्हणायचे आणि जाऊन गिऱ्हाइकाशी तसंच बोलायचे. मी आणखी किती समजावणार? कुणी काही विचारलं तर मी शांतपणे बोटानं बाकडं दाखवायचो आणि पेपर वाचायचो. मी कुणाला कधी वाकडं बोललो नाही हो. खरं तर मी कुणाशी बोललोच नाही.

अशात रविवारच्या पुरवणीत एक लेख वाचला. लिहिणारा मोठा विद्वान असावा, कारण निम्मं समजत नव्हतं. पण मुद्दा पटला. कामाच्या जागेचा रंग, उजेड, हवा, आवाज यांचा परिणाम नोकराच्या मनावर होतो आणि त्याच्या मनाचा परिणाम गिऱ्हाइकाला भोगावा लागतो. विशेषतः हॉटेलात. मी खुर्चीतून ताडकन उठलो. सापडलं! हे सगळं त्या सामानानं केलं होतं!

धावत पडद्याआड गेलो आणि सुशीलाला लेख वाचून दाखवला. ती झारा हातात घेऊन ऐकत होती.

"म्हंजे भट्टीजवळ उभं राहून राहून माहं डोकं तापते, असंच ना?"

"तसंच. शास्त्र आहे हे."

"हे मले इचारलं असतं तर मी फुकटात सांगतलं असतं."

मी ऐकतोय थोडाच! सामान काढायला घेतलं. जाळीची खिडकी पलीकडच्या गल्लीतल्या शेखचाचांनी नेली आणि तिच्यात कोंबड्या ठेवल्या. टेबल गेलं, घंटी गेली, जुनी बाकडी जाऊन नवी रंगीत बाकडी आली. भिंतींना गुलाबी रंग लावला. लेखात गुलाबी म्हटलं नव्हतं, 'प्रसन्न' म्हटलं होतं. मला प्रसन्न म्हणजे गुलाबीच वाटला. प्लास्टिकची फुलं टांगली. धबधब्याचं चित्र लावलं. रेडिओ आणला. बाहेरची पाटीसुद्धा उतरवली.

एक खुर्ची तेवढी ठेवली. आता पाठदुखी आहे मला, त्याला काय करणार? टॉवेल मात्र बदलला. भिंतीला शोभेल असा गुलाबी आणला.

झालं काय? काहीच नाही! आता गुलाबी ऑफिस झालं, एवढंच. देवराव धबधब्याखाली उभा राहून "नंबर आल्यावर सांगू" म्हणायचा आणि रेडिओवर प्रेमाची गाणी लागलेली असायची. गुलाबी भिंती पाहून बाया दारातूनच परत जाऊ लागल्या, त्यांना वाटलं इथं पार्लर उघडलं. उरलेली माणसं तशीच टोपी हातात घेऊन माझ्या खुर्चीपुढं उभी राहायची.

आणि दिवाळी आली की हो तोंडावर.

बाळूचा निरोप आला की बाजाराच्या दिवशी ताईला न्यायला येतो. सुशीलानं तिची लोखंडी कढई घासली, झारा पुसला, मसाल्याचा डबा फडक्यात बांधला आणि सगळं पिशवीशेजारी मांडून ठेवलं. खरं सांगतो, ऑफिस बंद झालं तेव्हाही मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. ऑफिसात माझ्या जागी दुसरा कुणीही बसला असता. पण सुशीलाशिवाय मी घरात नुसता बसून तरी काय करणार होतो?

"थांब ना थोडी," मी म्हणालो. "रंग अजून ओला आहे. परिणाम व्हाले वेळ लागते."

"रंग कवाचा वाळला," ती म्हणाली आणि पिशवीचा बंद ओढला.

बाजाराच्या दिवशी सकाळीच ती हॉटेलातल्या मोरीत घसरली आणि तिचं मनगट सुजलं. उजवंच. आता आलूबोंडे कोण वळणार? बाहेर तर बाजाराची माणसं यायला लागलेली. तिनं पट्टी बांधली आणि मला हुकूम सोडला, "चला, अंदर या. मी सांगते तसं करा."

मी तेलाचा रिकामा पिपा उलटा टाकून त्यावर बसलो आणि कांदे चिरायला घेतले. डोळ्यांतून गंगा-यमुना. खुर्ची आल्यापासून पहिल्यांदाच मी हॉटेलात असूनही खुर्चीवर नव्हतो.

थोड्या वेळानं पडद्यापलीकडून आवाज आला.

"या बाप्पा, या! काकाजी, अठी सावलीत बसा. माठातलं पानी देऊ का गार?"

मी सुरी थांबवली. हा देवराव?

"मावशी, पोहे घ्या का बोंडा? आज तर्री अशी झाली का जवाई रुसला असन तर हसून घरी येईन!" हा मधुकर. आणि माणसं हसली! आमच्या हॉटेलात माणसं हसली! मग तर धूमच उठली. "वैनी, पोहे द्या!" "वैनी, बोंडे!" "वैनी, पावणे म्हनते तर्री झकास!" माझे हात पिठात, सुशीला डाव्या हातानं तेल सांभाळतेय आणि परातीमागून परात बाहेर चाललीय.

"पाह्यलं?" मी सुशीलाला म्हणालो. माझी छाती दोन वीत फुगली होती. "गुलाबी रंग! म्या म्हटलं होतं ना, मुराले वेळ लागते!"

तिनं माझ्याकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. ओठ दाबून धरले आणि म्हणाली, "हाव. रंगच असन."

तेवढ्यात पडदा बाजूला झाला आणि बाळूनं आत डोकं घातलं. हातात आलूबोंडा. "ताई! म्या ओळख नाई देल्ली, गुपचूप जाऊन बसलो. काय खातरदारी हाय वं तुह्या हाटेलात! मले वाटलं माहंच लग्न हाय. कोन म्हनते हे चालत नाई?"

आता मी कशाला मागं राहतो! हात पुसले, "ये, तुला शास्त्र समजावतो," म्हणून त्याला बाहेर घेऊन आलो आणि ऐटीत खुर्चीवर बसलो. टॉवेलाला पाठ टेकली.

आणि मंडळी, हॉटेल थंड पडलं.

देवरावनं सदऱ्याची वरची गुंडी लावली. मधुकरनं तोंडातलं वाक्य गिळलं. एक गडी वाटी पुढं करून म्हणाला, "भाऊ, तर्री..." तर देवराव भिंतीकडे पाहत म्हणाला, "बसा. पाहू." बाकड्यावरच्या दोघांनी टोप्या काढून मांडीवर ठेवल्या. बाळूचा बोंडा तोंडापाशी तसाच राहिला.

मी चक्रावलो. हे काय झालं? रेडिओ! रेडिओ बंद पडला असणार. मागं हात घालून पाहिलं, तर रेडिओ व्यवस्थित गात होता. मग उजेड कमी असेल. बटण पाहायला पडद्याआड गेलो, तर मागून देवरावचा आवाज, "घ्या काकाजी, तर्री घ्या, लाजू नका!" आणि हशा. आलं की नाही जागेवर! खूश होऊन बाहेर आलो, खुर्चीवर बसलो. सन्नाटा. मग वाटलं, वारा. खिडकी उघडायला आत गेलो. हशा. बाहेर आलो. सन्नाटा. मग फुलांवरची धूळ झटकायला फडकं आणावं म्हणून आत गेलो. हशा. बाहेर आलो. सन्नाटा.

माझ्या डोक्यात तरीही काही शिरेना! शेवटी कोपऱ्यात बसलेल्या एका म्हातारीनं शेजारणीला मोठ्यानं विचारलं, "काहून वं, हा साहेब अंदर-बाहेर काहून करून राह्यला? याचं पोट बिघडलं का?"

तेव्हा सुशीला बाहेर आली. पट्टीचा हात छातीशी धरलेला. ती सरळ देवरावपुढं उभी राहिली.

"देवरावभाऊ, खरं सांगा. हे समोर असले का तुमाले काय होते?"

देवरावनं माझ्याकडे पाहिलं, मग पायाकडे पाहिलं. "वैनी, राग नोका मानू. साहेब तसे बसले का मले वाटते मी अजून केंद्रावरच हावो. तठी खिडकीतून हे साहेब जे बोलत तेच तोंडात येते. 'बसा. नंबर आल्यावर सांगू.' आयकून आयकून पाठ झालं जी."

"अन् मले वाटलं," मधुकर म्हणाला, "साहेबाले असंच आवडत असन. मालक जसा, तसंच आपुन राह्यलं पाह्यजे ना?"

"मी?" माझा आवाज चढला. "मी असं बोलतो? अरे, मी कधी कुणाला..."

त्याच वेळी माझ्या मागून कुणीतरी आत आलं आणि विचारलं, "साहेब, बसाले जागा हाये का?"

आणि मी, मान न वळवता, बोटानं बाकडं दाखवत म्हणालो, "बसा. पाहू."

काय हसले लोक! बाळूच्या हातातला बोंडा खाली पडला. ती म्हातारी तर पदरात तोंड घालून हलत होती. ज्यानं जागा विचारली तो बिचारा दारात उभा राहून आपलं काय चुकलं म्हणून स्वतःचे कपडे तपासत होता. माझं तोंड भिंतीइतकंच गुलाबी झालं असेल.

सुशीला मात्र हसली नाही. तिनं त्या माणसाला हात धरून बसवलं, पाण्याचा पेला दिला आणि मग माझ्याकडे वळली.

"अवो, हे लोकं दिवसभर खिडक्याइपुढं उभे राह्यतात. बँकेत उभे, तहसिलीत उभे. सगळे म्हनते उद्या या. चहाच्या एका घोटासाठी तरी त्याईले कोनी 'या' म्हटलं पाह्यजे का नाई?"

मी इतकी वर्षं खिडकीच्या आतच बसलो होतो. बाहेर उभं राहिल्यावर कसं वाटतं ते मला ठाऊकच नव्हतं, आणि तेव्हा मला मनापासून लाज वाटली.

"तुमची बदली झाली," ती म्हणाली.

"कुठं?"

"अंदर. कांद्यावर."

आणि तिनं खुर्चीवरचा गुलाबी टॉवेल ओढला, पाण्यात बुडवला, पिळला आणि त्यानं हशात सांडलेली तर्री पुसायला लागली. नोकरीभर टॉवेलाची आस धरली आणि तो माझ्या डोळ्यांदेखत फडकं झाला! मग तिनं ती खुर्चीही दाराकडून फिरवून खाणाऱ्यांकडे तोंड करून ठेवली आणि तिच्यावर बसली. समोरच्या काकाजींनी पोह्यांचा घास घेतला, ठसकले, घाम पुसला आणि वाटी पुढं केली. सुशीला ते पाहत होती. लग्नानंतर तिचं तोंड इतकं फुललेलं मी पाहिलं नव्हतं.

बाळू संध्याकाळी एकटाच कळंबला गेला. जाताना पुडीत आलूबोंडे बांधून घेतले आणि माझ्या कानात म्हणाला, "भाऊजी, तुमची कुठं दुसरीकडं बदली होत असन तर कळंब सोडून करा."

तेव्हापासून मी आत आहे. बोंडे मीच वळतो, तर्रीही आता मला जमते. पहिल्यांदा कांदा चिरताना डोळे वाहायचे तर देवराव पडद्यातून डोकावून विचारायचा, "साहेब, रडून राह्यले का जी?" आता सवय झाली. हॉटेल चांगलं चालतं. भिंत अजून गुलाबीच आहे आणि बायाही बिनधास्त आत येतात, कारण खुर्चीवर बाई बसलेली दिसते. मला तर वाटायला लागलं होतं, की भट्टीजवळ बसून बसून माझाही स्वभाव पार बदलला. लेखात लिहिलं होतं ना, जागेचा परिणाम होतो म्हणून!

तर परवाची गोष्ट. बाजाराचा दिवस, तेल तापलेलं, मी कढईवर वाकलेला. गर्दीत सुशीलाच्या पोटात सकाळपासून काही गेलं नव्हतं. ती पडदा सारून आत आली आणि दमलेल्या आवाजात म्हणाली, "अवो, मले एक बोंडा भेटन का?"

मी कढईतून नजर न काढता झाऱ्यानं पिपा दाखवला. "बसा. नंबर आल्यावर सांगू."

मी जीभ चावली. आता झारा हिसकावते की कळंबचं नाव काढते, अशा धाकात हळूच मान वळवली, तर बाईसाहेब कपात चहा ओतत होत्या. कप माझ्यापुढं ठेवला आणि हात जोडून म्हणाल्या, "साहेब, माह्याकडून तुमी एक चहा घ्या. पन माह्या बोंड्याचं तेवढं लवकर करा."

आणि खोटं कशाला बोलू? मी घेतला.